आयव्हरच्या सहा बंदुका

८ जानेवारी, मंगळवार

पुन्हा तो फळा! कालपासून विधानसभा भरली. दोन वर्षांतून एकदा, नव्वद दिवस — तेवढ्यात राज्याची सगळी अक्कल उरकायची. शिकारी मंडळाची चिटणीस मी, गावातलं एकमेव बंदुकांचं दुकानही माझं. तेव्हा शिकारीचं, बंदुकांचं कोणतं विधेयक कुठवर आलं ते दुकानातल्या फळ्यावर मीच लिहायचं. आज सतरा झाली. शिकाऱ्याने नारिंगीऐवजी गुलाबी जाकीट घातलं तर चालेल का, हेही एक. गिऱ्हाइकं हसून बेजार.

११ जानेवारी, शुक्रवार

आयव्हर आला होता. त्याची बायको जूनी ऑक्टोबरात वारली, त्यानंतर पहिल्यांदाच. तिनेच विणलेला स्वेटर, कोपरावर फाटलेला. काडतुसांच्या कपाटापुढे नुसता उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता — "मार्लिस, माझ्या सहा बंदुका ठेवून घेतेस का? वसंत येईस्तोवर."

"का रे?"

"घरात नकोशा झाल्यात."

एवढंच. मला कळलं. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही, कळणार नाही?

आणि मी काय म्हणाले? "प्रुइटला विचारून सांगते." विम्याच्या माणसाला!

१४ जानेवारी, सोमवार

प्रुइट म्हणाला, "छे छे, बाई! तुम्ही ठेवून घेतल्या, परत दिल्या, आणि मग त्याने स्वतःचं काही बरंवाईट केलं तर खटला तुमच्यावर. विमा एक डॉलर देणार नाही."

"आणि माझ्या घरी ठेवल्या तर?"

"दुकानदार तुम्हीच ना? मग तेच."

पण दुपारी फळ्यावर अठरावं आलं! आमच्या भागाच्या आमदार वांडा लाकोम्ब, त्यांचं. कुणी आपणहून बंदूक दुकानदाराकडे ठेवली, तर ठेवणाऱ्यावर खटला नाही. जेमतेम एक पान. नंबर १८७. तीनदा वाचलं.

आयव्हरला फोन केला. "थोडा थांब. कायदा येतोय."

"बरं," म्हणाला.

२९ जानेवारी, मंगळवार

१८७ जागेवरच. गुलाबी जाकीट समितीतून एकमताने पुढे!

८ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन तास गाडी हाकत राजधानीला. शून्याखाली वीस. समितीपुढे प्रत्येकाला दोन मिनिटं. आयव्हरचं नाव घेतलं नाही, "एक शेजारी" म्हटलं.

मग मागच्या रांगेतून आमच्याच मंडळाचा लायल उठला. माझ्या दुकानातून घेतलेली टोपी घालून! "आज हौसेने ठेवून घेतील, उद्या सक्तीने नेतील. हे पहिलं पाऊल आहे." टाळ्या. त्याच्यानंतर दुसऱ्या बाजूच्या एक बाई. बंदुका कमी व्हाव्यात म्हणून झटणाऱ्या. त्या म्हणाल्या, "हे फारच लेचंपेचं आहे. सक्ती हवी." त्यांनाही टाळ्या.

दोघंही नको म्हणतात, एकमेकांच्या नावाने! मी मध्ये बसून होते.

बाहेर लायलने गाठलं. "काय गं, कोणाच्या बाजूची तू?"

मी गाडीत जाऊन बसले.

९ फेब्रुवारी, शनिवार

आयव्हरकडे जाऊन आले. एल्क हरणाचं कालवण नेलं होतं. मागच्या वेळचं तसंच होतं फ्रीजमध्ये. बंदुका भिंतीवर. तो बोलत होता, आणि माझे डोळे तिकडेच. त्याने पाहिलं ते.

"दुसऱ्या कुणाला सांगू का रे? पाद्रीसाहेबांना?"

"तुला सांगितलं, तेवढं पुरे."

"डॉक्टरांना तरी?"

"जातो," म्हणाला. खरं की खोटं कोण जाणे.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

मतदान पुढे ढकललं. वांडाबाईंना फोन केला. "एक मत कमी पडतंय, मार्लिस. शोधतेय."

आयव्हरला रोज सकाळी फोन. हवा कशी आहे, गाई कशा आहेत. शेवटी तोच विचारतो, "तुझ्या कायद्याचं काय?" मी म्हणते, "येतोय."

२१ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ विरुद्ध दहा. पडलं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

फळ्यावर १८७ पुढे फुली मारली. खडू मोडला. लायल काडतुसं घ्यायला आला, म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, दोन वर्षांनी आहेच की!"

दोन वर्षांनी!!

आयव्हरला सांगावं लागलं. म्हणाला, "हरकत नाही. तू प्रयत्न केलास." तोच माझी समजूत घालत होता.

मी थांब म्हणाले म्हणून तो सहा आठवडे थांबला. कोणाच्या भरवशावर? माझ्या? त्या दहा लोकांच्या?

४ मार्च, सोमवार

गुलाबी जाकिटावर राज्यपालांची सही झाली. बर्फ अजून पडतोय.

१२ मार्च, मंगळवार

काल आणि आज, दोन्ही सकाळी त्याने फोन उचलला नाही. घाटरस्ता बर्फाने बंद. शेरीफच्या कचेरीत कळवलं. रस्ता उघडला की जाऊ, म्हणाले.

१३ मार्च, बुधवार

रस्ता बंदच. दुकान उघडलं. कोणाशी काय बोलले आठवत नाही.

१४ मार्च, गुरुवार

टपालाने कॉफीचा डबा आला. शिक्का शुक्रवारचा. आत लोकरी मोज्यांत गुंडाळलेले पाच बंदुकांचे बोल्ट, गोळी आत सरकवणारे दांडे! बोल्ट काढला की बंदूक म्हणजे नुसती नळी. चिठ्ठीत आयव्हरचं अक्षर — "हे ठेवायला कुठला कायदा लागत नाही. सहावी फार जुनी, तिचा मला निघत नाही. ती तेवढी घेऊन जा."

तीस वर्षं बंदुका विकतेय. मला का नाही सुचलं हे?

फोन लावला. नवव्या घंटीला उचलला. "अगं, फोनच्या तारा तुटल्या होत्या. आत्ता जोडल्या. आणि रस्ताही उघडलाय."

"ती सहावी कुठे आहे?"

"टेबलावर. मी गोठ्यात जाऊन बसतो, तू ये."

प्रुइटला विचारणार नाही. दुकानाला कुलूप लावलं. निघाले.