दीड दशांश

सोमवार, १ डिसेंबर
दुपारचे तीन

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

चार वर्षांनी माझं पत्र आलं, तेही हाताने लिहिलेलं, म्हणून दचकू नकोस. कुणी आजारी नाही. तुझी ताई ठणठणीत आहे. दर बुधवारी ती बाल्कनीत जाऊन तुझ्याशी बोलते आणि आत येऊन मला सांगते, "कुंड्यांना पाणी घालत होते." आमच्याकडे तीन कुंड्या आहेत. पाऊण तास पाणी घातलं तर त्या पोहतील. पण मी तिच्यासमोर कुंड्या मोजत नाही.

थोरलीने नोकरी बदलली. धाकटीचे दात सरळ झाले, तारा निघाल्या. मी परवा किचनच्या नळाचा वॉशर बदलला. चौदा मिनिटं लागली, एक थेंब गळत नाही. प्लंबर दोनदा येऊन गेला होता.

आता कामाचं. कालच मोसमाची शेवटची मोटार-शर्यत झाली. हे पत्र तुझ्या बायकोलाही वाचून दाखव. म्हणून तुला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही मी खुलासेवार लिहितो.

चॅम्पियनशिपमध्ये आपली टीम चौथी होती. काल दुसरा नंबर आला असता तर एकूण तिसरे झालो असतो, आणि एकतिसाव्या फेरीपर्यंत आपली गाडी खरोखर दुसरी होती. आपला ड्रायव्हर तोच, मुखदुर्बळ. अख्ख्या शर्यतीत रेडिओवर चार शब्द बोलला असेल. एकतिसाव्या फेरीला गाडी चाकं बदलायला आत आली. मी माझ्या जागी, डाव्या मागच्या चाकाला, नट आवळायची गन घेऊन गुडघ्यावर. एकाने जुनं चाक काढलं, दुसऱ्याने नवं बसवलं, मी नट आवळला आणि आवाज चुकला. नट नीट बसला की गनचा आवाज एकदम जाड होतो ना, तो झालाच नाही. नट तिरका चढला होता. बाकी तिघांनी आपापल्या गनची बटणं दाबली होती. माझं एक दाबलं जायचं बाकी. ते दाबलं की दिवा हिरवा आणि गाडी बाहेर.

मी बटण दाबलं नाही. नट उलटा सोडवला, पुन्हा चढवला, आवाज ऐकला, मग दाबलं. पाच पूर्णांक आठ दशांश सेकंद. एवढ्या वेळात लोक दोनदा चाकं बदलतात. गाडी सहावी बाहेर पडली, शेवटी चौथी आली. तिसरं स्थान दोन गुणांनी हुकलं.

शर्यत संपल्यावर मुखदुर्बळ माझ्यापाशी आला. हेल्मेट काखेत, केस घामाने चिकटलेले. म्हणाला, "चाक घट्ट होतं. आभारी आहे." त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

इथवर लिहून झालं तेव्हा तुझ्या ताईने मागून डोकावून पाहिलं. म्हणाली, "पत्र लिहिताय की गाडीबरोबर येणारं माहितीपुस्तक? मुद्द्याचं लिहा." मुद्द्याचं काय ते मी तिला सकाळीच सांगितलं आहे. तिने हातातली कणीक परातीत ठेवली. मग म्हणाली, "हे मला नाही, त्याला सांगा."

तर ऐक.

आमच्या चीफ मेकॅनिक बाई दोन वर्षांपूर्वी आल्या. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. काल संध्याकाळी सगळे सामान बांधत असताना त्यांनी मला ट्रकमागच्या छोट्या ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, हजेरी घेणार. तर त्यांनी समोर एक आलेख ठेवला. माझे गेल्या सात वर्षांतले चाकबदल, एकूण एक.

"चार वर्षांपूर्वी तुम्ही चौघांत सगळ्यात वेगवान होतात," त्या म्हणाल्या. "मग एका आठवड्यात दीड दशांश सेकंदाने हळू झालात, आणि तिथेच राहिलात. का?"

मी म्हटलं, "वय झालं."

"म्हातारपण असं ठरवून सोमवारी येत नाही."

"खांदा दुखतो."

"कोणता?"

"उजवा."

"गन तुम्ही डाव्या हाताने धरता," बाई म्हणाल्या.

शाळा दहावीत सोडली, पण सोळाव्या वर्षापासून मी इंजिनं उघडतो आहे. इंजिनियर लोकांना मी आजवर माझं म्हणणं पटवत आलो. काल जमलं नाही.

बाईंनी आलेखावर बोट ठेवलं. "पूर्वीच्या वेगाने दाबलं असतंत, तर आज गाडी तिरक्या नटावर बाहेर पडली असती. मला तक्रार करायची नाही. चार वर्षांपूर्वी काय झालं, तेवढं सांगा."

मी सांगितलं. आता तुझ्या बायकोसमोर सांगतो.

नट पूर्ण आवळायच्या किंचित आधी बटण दाबायचं, म्हणजे दीड दशांश वाचतो, ही युक्ती माझी. कुठल्या पुस्तकात नव्हती, कुणी शिकवली नव्हती, म्हणून तर तिचा मला माज होता. तुला टीममध्ये घेतलं तेव्हा गॅरेजमध्ये तुझं बोट धरून मी ती तुला शिकवली. तू म्हणालास, "दाजी, पण नट बसलाच नाही तर?" मी म्हणालो, "माझ्या हाताखाली शिकलेल्याचा बसतोच."

नंतर, चार वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीत, तू आवळलेलं उजवं मागचं चाक पहिल्याच वळणावर निखळलं. नशिबाने कुणाला लागलं नाही. चौकशीत मला तज्ज्ञ म्हणून बसवलं. मी लिहून दिलं : 'गन निर्दोष आहे. बटण वेळेआधी दाबलं गेलं.' दोन्ही वाक्यं खरी. तिसरं वाक्य मी लिहिलं नाही.

तूही ते सांगितलं नाहीस. तेव्हा मला वाटलं, घाबरलास. ताईचं घर मोडू नये म्हणून तू गप्प बसलास, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. कळून गप्प बसलो, हे त्याहून वाईट. तुला टीममधून काढलं, तू बस डेपोत टायर बसवू लागलास आणि मी तेव्हापासून एकदाही बटण आधी दाबलं नाही. स्वतःला सांगायचो, ही माझी शिक्षा. शिक्षा कसली? नोकरी माझी चालूच होती.

आज सकाळी ते तिसरं वाक्य सहीनिशी बाईंना दिलं. प्रत सोबत जोडली आहे. चौकशीच्या नोंदीत ते जाणार आहे. मला गनवरून काढलं आहे, योग्यच केलं. चाकांच्या हबच्या जुळणीला वर्कशॉपमध्ये बसा म्हणाल्या. खरं सांगू? काल रात्री मी दहा वाजता झोपलो आणि सातला उठलो. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट. उजव्या मागच्या चाकाची गन नव्या मोसमात रिकामी आहे. बाईंनी तुझा नंबर मागितला, मी दिला. बाई गुरुवारी फोन करतील. ये म्हणून मी गळ घालणार नाही, तो हक्क मी घालवला आहे. डेपोत तू सुखी असशील तर तसं त्यांना सांग.

पण आलास तर एक विनंती आहे, आणि ती बाईंपुढे मी आधीच केली आहे. त्या हसल्या नाहीत, हे विशेष. वर्कशॉप मला नको. तुझ्या गनशेजारी जुनं चाक काढून घ्यायला माणूस लागतो. चाकाचं वजन मला ठाऊक आहे, गुडघे शाबूत आहेत. गन तू धरायची. नट केव्हा बसला, हे तू ठरवायचं. तू बटण दाबेपर्यंत मी चाक धरून गप्प उभा राहीन.

तुझ्या हाताखाली काम मागणारा,
दाजी