बिनविरोध यादी

राजधानी,
शुक्रवार, १९ जानेवारी

प्रिय मार्लिस,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझी तब्येत बरी असेल, तू घरी सांभाळतेस त्या म्हाताऱ्या हुल्डा आणि अल्मा या दोघी बहिणी तुझ्याकडे सुखात असतील आणि तुझ्या मागच्या दारापुढचं बर्फ कोणीतरी काढत असेल, असं धरून चालतो. दर हिवाळ्यात ते काम माझं होतं. नाताळपासून तू मला अंगणात पाऊल टाकू दिलेलं नाहीस, तेव्हा फावडं तुझ्याच हातात असणार. जपून. कंबर तुझीही आता पासष्टीची आहे.

अधिवेशन सुरू होऊन दहा दिवस झाले. इथे नेहमीसारखंच आहे. सगळे म्हणतात सरकार लहान हवं, आणि प्रत्येकाच्या खिशात एक नवा कायदा. केस विंचरून वेण्या घालणाऱ्या बायकांना परवाना लावायचं विधेयक आलं होतं, ते आम्ही समितीतच पुरलं. शाळेत मोबाइल बंद करायचं विधेयक मात्र आमच्याच पक्षाच्या माणसाने आणलंय. हा गृहस्थ सकाळी म्हणतो, सरकारने लोकांच्या घरात डोकावू नये, आणि दुपारी पोरांच्या दप्तरात डोकावतो. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "तुला पोरं नाहीत, तुला काय कळतंय?" खरं आहे. तरी मी विरोधात मत देणार.

एक विधेयक मीही टाकलंय. मालक स्वतः राहतो अशा घरात चार म्हाताऱ्या माणसांपर्यंत कोणालाही ठेवून घेता यावं, त्याला परवाना लागू नये, एवढंच. तुझं नाव त्यात नाही, पण घर तुझंच आहे. ते झालं तर तुझ्या घरातून वृद्धाश्रमात जावं लागलेल्या एमिलला परत आणता येईल.

नाताळात तू म्हणालीस, "सरकार लहान करायला गेलास आणि माझं जेवणाचं टेबल लहान करून आलास, आमदारसाहेब." ते वाक्य मी इथे दोघातिघांना ऐकवलं. सगळे हसले. मी फारसा हसलो नाही.

मागच्या वर्षी घरात म्हातारी माणसं ठेवण्यावर बंधनं घालणारा तो कायदा झाला तेव्हा विरोधात एकटा मी होतो, हे तुला सांगितलंच आहे. पुन्हा उगाळत नाही.

थंडी उणे सव्वीसवर गेलीय. नळ गोठू देऊ नकोस.

तुझा भाऊ,
आर्डन


राजधानी,
शुक्रवार, १ मार्च

प्रिय मार्लिस,

झालं. आज सकाळी नऊ वाजता राज्यपालांनी सही केली आणि कायदा त्याच क्षणी लागू झाला. एमिल घरी येऊ शकतो. आधी हे वाच, चहा कर, मग पुढचं वाच. पुढचं तितकं चांगलं नाही, पण मला ते लिहायचंच आहे.

अकरा फेब्रुवारीच्या रविवारी मी एमिलला भेटायला त्या वृद्धाश्रमात गेलो होतो. तू सकाळी येऊन गेली होतीस म्हणे. म्हातारा खिडकीशी बसून एकटाच पत्ते मांडत होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, नोव्हेंबरात तुझ्या घरून निघाला तेव्हा स्वतः पायऱ्या उतरला होता. आता सदरा दुसऱ्या कोणाचा घातल्यासारखा दिसतो. नर्सने सांगितलं, आठ किलो वजन उतरलंय.

"ये, आमदार," तो म्हणाला. "सूप देतील, खाऊ नकोस. भांडी धुतलेल्या पाण्यात मीठ घालतात."

मी त्याला विधेयकाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मार्लिस दर रविवारी येते, पण तुझं नाव काढत नाही."

"कायद्यावर रागावलीय," मी म्हणालो.

"कायद्यावर रागवायला ती तुझ्यासारखी रिकामी आहे का? तिने वाचनालयातून सभागृहाच्या रोजनाम्याचं पान छापून आणलंय. मला दाखवलं. बिनविरोध यादी, तेवीस विधेयकं. बाजूने चौसष्ट, गैरहजर दोन. विरोधात, कोणी नाही. आणि बाजूच्या नावांत तुझं नाव."

नऊ वर्षं आमदार असलेल्या माणसाने हे विसरावं? सगळी मतं रोजच्या रोज छापली जावीत, लोकांनी ती वाचावीत, यासाठी भांडणारा मीच. ती कोणी खरंच वाचेल, आणि ती माझी बहीण असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"माझी जागा गेली त्याचं तिला दुःख आहे," एमिल म्हणाला. "राग आहे तो खोट्याचा. तिच्या टेबलाशी बसून, तिच्या हातचा जर्दाळूचा कुखन केक खात बोललास, पोरा. निदान तोंडातला घास तरी संपवायचास."

तर आता खरं सांगतो. ज्या विधेयकांना कोणाचा आक्षेप नसतो ती आम्ही एका यादीत घालतो आणि सगळ्यांवर मिळून एकदाच बटण दाबतो. एकाने जरी हात वर केला, तरी ते विधेयक यादीतून निघतं आणि त्यावर चर्चा होते. तो एक मी असायला हवा होतो. पण त्या दिवशी वादळाचा इशारा होता आणि घरी अकरा गाई व्यायला टेकल्या होत्या. मी यादी उघडलीसुद्धा नाही. हिरवं बटण दाबलं आणि गाडीकडे पळालो. माझ्या प्रचाराच्या फलकावर काय लिहिलेलं असतं ते तुला ठाऊक आहे. 'वाचतो, मगच मत देतो.' तो फलक तूच रंगवलायस.

ऑक्टोबरात तुझ्याकडे तपासनीस आला, दोनपेक्षा जास्त परकी माणसं ठेवायची तर आग विझवायला छतात पाण्याच्या नळ्या हव्यात आणि रात्रपाळीची नर्स हवी म्हणाला, तेव्हा कुठे मी शोधायला बसलो. सापडलं ते सोळावं विधेयक होतं. आणणारी बाई वाईट नव्हती. तिच्या शहरात एका भाड्याच्या मोठ्या इमारतीत आग लागून तिघं म्हातारे गेले होते. पण जखम मांडीला आणि मलम शेंडीला, तसं झालं. ते वेळेवर सांगणं हेच माझं काम होतं. त्यासाठीच लोक मला इथे पाठवतात. तू विचारलंस, "तू कुठे होतास तेव्हा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की एकटा मी विरोधात होतो. जानेवारीच्या पत्रात तेच पुन्हा लिहिलं. त्या वेळी तुझ्याजवळ तो कागद होता. लाज वाटते, मार्लिस.

एमिलकडून परत येताना गाडीत मी हिशेब केला. नवे कायदे आपल्याकडे एक जुलैला लागू होतात. एमिलकडे तेवढे महिने असतील असं मला वाटेना. विधेयकाला 'तात्काळ' हे कलम जोडलं तर सही होताच लागू होतं. पण मग ज्यांना कायदा नको त्यांना सह्या गोळा करून तो जनतेच्या मतदानाला टाकता येत नाही. म्हणूनच नऊ वर्षं मी त्या कलमाच्या विरोधात बोलत आलोय, कोणीही आणलं तरी. शिवाय त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. आमच्या सहासष्टांत चव्वेचाळीस.

तरी मी ते जोडलं.

वीस तारखेला विधेयक सभागृहात आलं. माझ्या शेजारच्या बाकावरचा नॉर्व्हल हौगन उभा राहिला. तुला आठवतो, तो लांब मिशांचा, गव्हाच्या कोठारांचा मालक. "गुरुवर्य," तो म्हणाला, "तात्काळ म्हणजे जनतेच्या तोंडावर हात, हे आम्ही तुमच्याकडून पाठ केलंय. आज हात कोणाचा?" सगळं सभागृह हसलं. वरच्या गॅलरीतसुद्धा हसले.

मी म्हणालो, माझाच. आणि मग सांगत गेलो. यादी न वाचता मत दिलं, त्याने अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाचं घर गेलं. वर बहिणीला सांगितलं की मी विरोधात होतो, तेही खोटं. सरकार लहान ठेवायचं ते मोठ्या भाषणांत नव्हे, त्या यादीतल्या सोळाव्या ओळीत. ते मी केलं नाही. आता माझ्या चुकीची किंमत त्याने जुलैपर्यंत का भरावी? तुमची तत्त्वं मोडा असं मी म्हणत नाही, मी माझं मोडतोय आणि ते रोजनाम्यात छापून येऊ दे.

कोणी हसलं नाही. गेल्या वर्षीचं विधेयक आणणारी बाई उठली आणि म्हणाली, प्रत्येक खोलीत धुराची घंटा सक्तीची कराल तर मी बाजूने आहे. मी लगेच हो म्हटलं. तुझ्याकडे त्या आधीपासून आहेत. मग नॉर्व्हल पुन्हा उभा राहिला. मला वाटलं, आता हा पुरता सोलणार. तो एवढंच म्हणाला, "ती यादी मीही वाचली नव्हती," आणि खाली बसला.

सत्तेचाळीस मतं पडली. वरच्या सभागृहात मंगळवारी त्याहून सोपं गेलं.

वर्तमानपत्रात सगळं छापून आलंय. तू वाचलंच असशील. जूनमध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी मतदान होईल तेव्हा आपल्याच पक्षातला कोणीतरी ते पत्रकावर छापून घरोघर वाटेल. वाटू दे. भाषणाच्या दिवशी रात्री मी खोलीवर आलो, बूट काढले आणि सकाळी सातला जागा झालो. ऑक्टोबरपासून अशी झोप लागली नव्हती. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटतंय. पडलो तरी चालेल, गाई आहेतच.

पुढच्या आठवड्यात शनिवारी, नऊ तारखेला, सकाळी दहाला मी एमिलला तिथून घेतो. त्याची ट्रंक आणि ती मोडकी आरामखुर्ची गाडीत मावेल. आठवडा मुद्दाम मधे ठेवलाय, तोवर हे पत्र तुला मिळेल.

त्याला दारापर्यंत आणून सोडतो, सामान ओसरीवर ठेवतो आणि गाडीत जाऊन बसतो. तुझ्या घरात कोणी राहावं हे सरकारने ठरवू नये, असं मी सभागृहात ठणकावून बोललो. भावानेही ठरवू नये. तू आत बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर थोडा वेळ थांबून निघून जाईन. वाईट वाटेल, पण तू चुकलीस असं वाटणार नाही.

तुझ्याशी खोटं बोललेला, आणि ते आज स्वतःच्या हाताने लिहून देणारा,
तुझा धाकटा भाऊ,
आर्डन