मागची सीट

रविवार, २९ ऑक्टोबर

बन्नूर रस्ता. जाऊन-येऊन बावन्न किलोमीटर. सकाळी सहाला निघालो, जेवायला घरी. नियम म्हणजे नियम.

मोटारसायकल पहिल्या किकला सुरू झाली! भाग्यम्मा म्हणाली, "आयुधपूजेला चाकाखाली लिंबू ठेवलं ना, ते लागू पडलं." म्हटलं, लिंबू नाही, अन्वर मेकॅनिकनं कार्ब्युरेटर धुतला तो लागू पडला. "अन्वरलाही प्रसाद मीच दिला होता," म्हणे. बायकोपुढं बोलायची सोय नाही.

कालव्याला पाणी भरपूर. भात पिवळं पडायला लागलंय. मागून भाग्यम्माची गंमत चालूच— म्हैस बघा, खड्डा बघा, सायकलवर तिघं बघा. बन्नूरला इडली, दोन-दोन. चटणीत पाणी फार. तसं सांगितलं तर हॉटेलवाला म्हणतो, "साहेब, कालव्याला पाणी आलंय ना!"

इथं तरी खरं लिहावं. उजवा डोळा जवळजवळ गेला. डाव्यानं समोरचं दिसतं, कडेचं नाही. कागदाची सुरळी करून डोळ्याला लावली की जसं दिसतं, तसं. जुलैत डॉक्टर म्हणाला काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून सांभाळा, आणि गाडी बंद. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. थेंब कशाचे? डोळे कोरडे पडतात त्याचे.

गाडी बंद केली तर रविवारी करायचं काय? टीव्हीसमोर बसून वाटाणे सोलायचे?

रविवार, ५ नोव्हेंबर

आज हसून हसून पोट दुखलं.

ही जुनी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये तेल मोजून घालावं लागतं. मापावरची रेघ मला दिसेना, म्हणून अंदाजानं घातलं. काल संध्याकाळी भाग्यम्मानंही घातलं होतं! "तुम्ही हल्ली विसरता, म्हणून घातलं." म्हणजे दुप्पट तेल. श्रीरंगपट्टणपर्यंत मागं असा धूर, की एक बसवाला शेजारी येऊन ओरडला, "ओ काका, डास मारायचं कंत्राट घेतलंय का?" दोनदा प्लग काढून पुसला. भाग्यम्मा पदर नाकाला लावून रस्त्याच्या कडेला बसून हसत होती. मीही.

पुढं संगमापर्यंत जायचं होतं, गेलो नाही. घाटावरच शेंगा खाल्ल्या आणि परत.

रविवार, १२ नोव्हेंबर

दिवाळी. तरी गेलो! पंचवीस किलोमीटर फक्त. मुलीचा बंगळूरहून फोन— "अप्पा, आज तरी घरी बसा." म्हटलं, बसलोच आहे, गाडीवर.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

भाजीला म्हणून निघालो. एकटा. चौकातला गतिरोधक दिसलाच नाही. उडालो आणि खाली आलो तो पुढचा मडगार्ड वाकडा. अन्वरकडं नेली. त्यानं मडगार्ड बघितला, मग माझ्याकडं बघत राहिला. "अण्णा, गाडीला काही झालेलं नाही. चालवणाऱ्याला काय झालंय ते सांगा."

म्हटलं, ऊन डोळ्यावर होतं. साडेसहा वाजले होते संध्याकाळचे! त्यानं मडगार्ड ठोकून सरळ करून दिला.

रविवार, २६ नोव्हेंबर

पांडवपुरा. काय दिवस होता!

उसाला तुरे आलेत. वाटेत गुऱ्हाळ लागलं. थांबलो. काहिलीतला गरम गूळ केळीच्या पानावर घेतला. भाग्यम्मानं तीनदा मागून घेतला. गुळव्या म्हणाला, "अम्मा, साखर झालीय का तुम्हाला?" ती म्हणाली, "झाली तर उद्या होईल, आज तर घाल." परत येताना हवा गार, रस्ता रिकामा, इंजिनाचा आवाज असा एकसारखा, की बाकी काही नको वाटलं. रेशीम कारखान्यात छत्तीस वर्षं यंत्रांचेच आवाज ऐकले, पण हा वेगळा. हा आपला.

भीती वाटते. माझी नाही, माझं काय. मागं ती असते. रस्त्यात माणसं असतात.

ठरवलं— संक्रांतीपर्यंत. सात रविवार. मग तिला सांगतो.

रविवार, ३ डिसेंबर

पाऊस. अवेळी, नुसती भुरभुर. भाग्यम्मा म्हणाली जाऊ नका, तर मी गेलोच नाही. तिला आश्चर्य वाटलं नाही, याचं मला वाटलं.

सहा राहिले.

रविवार, १० डिसेंबर

आजचं लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

सोमनाथपूरच्या अलीकडं एका वळणावर रस्ताभर नाचणी पसरलेली. या दिवसांत असतेच. कापलेली कणसं रस्त्यावर टाकायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाकांनी मळणी होते. कुणी कडेनं जात नाही, तो अपमान. मी तर मुद्दाम मधून नेतो. चार दाणे आपल्याही चाकानं सुटावेत! पुण्य म्हणा, हौस म्हणा.

तशीच नेली. मागून भाग्यम्मा ओरडली, "अहो, अज्जी!" कोण अज्जी? मला रस्ता दिसत होता, नाचणी दिसत होती. अज्जी डावीकडं वाकून कणसं उलटत होती, तेवढीच दिसत नव्हती. ब्रेक दाबला. काडावरून चाक घसरलं आणि गाडी आम्हा दोघांसकट नाचणीत आडवी. चाक अज्जीपासून हातभर.

कुणाला काही झालं नाही. माझा गुडघा खरचटला. भाग्यम्माच्या अंबाड्यात नाचणी.

अज्जी सावकाश उठली, कंबरेवर हात ठेवले. "अरं मुडद्या! एवढी जितीजागती बाई दिसंना व्हय? डोळं फुटलं का तुझं?"

"हो अज्जी. फुटलेत."

कसं तोंडून गेलं कळलं नाही. पाच महिने बायकोला सांगितलं नाही ते वाटेवरच्या म्हातारीला सांगून बसलो. अज्जीनं वाकून माझ्या तोंडाकडं बघितलं. "खरंच का रं?" म्हटलं, खरंच. एक गेला, दुसरा चाललाय.

"मग गाडी कशापायी हाकतोस?"

 मी नाचणीत बसून राहिलो. भाग्यम्मा बाजूला उभी, तिच्याकडं बघायची हिंमत होईना. अज्जीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाली, "आणि ही काय मागं ठिवायची बाहुली हाय? हिला हात न्हाईत?"

भाग्यम्मानं हात पुढं केला. "चावी."

म्हटलं, अगं तुझी ती बिनगिअरची स्कूटर, अंगणवाडीत शिकवायला जाताना न्यायची. ही वेगळी—

"चावी द्या. आणि मागं सरका."

अज्जीनं ताक दिलं, दोघांना. गाडी उभी करायला हात लावला आणि सांडलेली कणसं परत नीट पसरून घ्यायला मला बसवलं. "नुसकान केलंस, भर." अर्धा तास कणसं पसरली.

घरी चौतीस किलोमीटर, दुसऱ्या गिअरमध्ये. अडीच तास! इंजिन रडत होतं. मीही थोडा. मागं बसलेल्याचं कुणाला दिसतं?

डोळ्यांबद्दल भाग्यम्मा बोलली ते जेवताना एवढंच— "थेंब दिवसातून किती वेळा टाकायचेत?"

"तीनदा."

"तुम्ही दोनदाच टाकता."

मंगळवार, १२ डिसेंबर

गाडी कालपासून दुरुस्तीला अन्वरकडं. अंगणवाडी सुटल्यावर भाग्यम्मा परस्पर अन्वरकडं! शिकायला. अन्वरचा फोन आला, "अण्णा, वहिनी किक मारतायत. बघायला या." म्हटलं, मला बघता येत नाही, तूच सांग. दोघंही हसलो. पहिल्यांदाच हसलो यावर.

आमच्या गाडीत किक मारायचा दांडाच पुढं वळवला की गिअरचा होतो. भल्याभल्यांना जमत नाही. हिला दुपारी जमलं. अन्वर म्हणतो, "साडीत आणि चपलेत जमलं हो!"

जळलो थोडा. थोडा का, चांगलाच.

रविवार, १७ डिसेंबर

पुन्हा बन्नूर. मी मागं.

धरायचं कुठं? लग्नाला एकतीस वर्षं झाली, ती माझा खांदा धरते. मी तिचा धरला तर लोक बघतात. म्हणून कॅरिअर धरला. पहिल्याच वळणावर पडता पडता वाचलो. मग गुपचूप खांदा. लोकांनी बघितलं. बघू देत.

इडलीच्या हॉटेलात मालक रुद्रप्पा गल्ल्यावरूनच ओरडला, "काय निंगराजण्णा, बढती मिळाली?" सगळे हसले. भाग्यम्मा उतरून पदर खोचत म्हणाली, "हो तर. साहेब मागंच बसतात." रुद्रप्पानं कॉफीचं बिल घेतलं नाही.

येताना मात्र भांडलो. मी म्हटलं, गिअर बदल. क्लच अर्धा धरू नकोस. वळणाआधी हळू. तिनं उसाच्या शेतापाशी गाडी थांबवली, बंद केली. "हे बघा. एक तर गाडी मी चालवते, नाही तर तोंड तुम्ही चालवा. दोन्ही एकदम चालत नाही." उसातून एक माणूस डोकं वर काढून म्हणाला, "अम्मा, बरोबर!" याला कुणी विचारलं होतं?

घरापर्यंत गप्प बसलो. अवघड आहे.

रविवार, ३१ डिसेंबर

तलकाडू. ताशी साठच्या आसपास गेली! तिनं नेली, मी नाही म्हटलं नाही.

मागं बसलं की बरंच काही कळतं. गुऱ्हाळ दिसायच्या आधी वास येतो. कालवा जवळ आला की गुडघ्यांना गार लागतं. पुलाखालून गेलो की आवाज बदलतो. चालवताना हे कधी कळलंच नाही, सगळं लक्ष रस्त्यात. लोक म्हणतात मागं बसलं की आजूबाजूचं बघता येतं. माझं नेमकं आजूबाजूचंच गेलंय, हा भाग वेगळा!

नदीच्या वाळूत बसून पुळिओगरे, म्हणजे चिंचेचा भात, खाल्ला. भाग्यम्मा म्हणाली, "पुढच्या वर्षी मेलुकोटे. तिथला चढ मला चढवायचाय." म्हटलं, चढव. मी आहेच मागं.

नजर अजून कमी झालीय. महिन्यात एवढी! वहीच्या ओळी एकमेकींवर चढतात. अक्षर दुप्पट मोठं काढतोय, तरी.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. तीळ-गूळ-खोबरं घेऊन अन्वरच्या घरी गेलो, गाडीवरून, तिच्या मागं. त्याच्या आईनं विचारलं, "कसं वाटतं?" म्हटलं, वाईट. आणि बरं. दोन्ही.

तेवढंच खरं.

रविवार, ४ फेब्रुवारी

हे मी लिहितेय, भाग्यम्मा. यांना आता ओळ दिसत नाही. म्हणाले, मी सांगतो, तू लिही. वही माझ्या हातात दिली आणि आंघोळीला गेले. तेवढ्यात मागची पानं वाचून काढली.

मला गौरीच्या सणाआधीच कळलं होतं. उंबऱ्यापुढची रांगोळी तुडवायला लागले होते, रोज. एवढ्या वर्षांत कधी पाय पडला नव्हता. चावी लपवावी असं दर शनिवारी मनात यायचं. लपवली असती तर हा माणूस घरात बसून संपला असता. न लपवता एकट्याला कसं जाऊ द्यायचं? म्हणून दर रविवारी मागं बसले. पडलो तर दोघं.

आले. केस पुसत सांगतायत— आज मेलुकोटे, चढ एका दमात, इडली बरी. विचारतायत, "एवढं काय लिहितेस?"

म्हटलं, तुम्ही सांगताय तेच.