अबोल्याची चटई

३ नोव्हेंबर

दुकानापुढचं झाडून झालं की मी सडा टाकायची, मग तवा चढवायची. माझे यजमान चंपत दारात बसून रद्दीच्या कागदातलं मोठ्यानं वाचायचे आणि मी पीठ मळता मळता ऐकायची. माझी शाळा चौथीत सुटली होती. पुढचं वाचन मी त्याच पुड्यांच्या कागदांवर शिकले. त्या सकाळीही तसंच चाललं होतं. तिसऱ्या भाकरीला ते वाचायचे थांबले. मला वाटलं, पान संपलं.

ते गेले त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर सासरी मला कुणी नावानं हाक मारली नाही. जावा काम सांगायच्या ते भिंतीकडं पाहून.

आज तलमडुगूकडचं गाव सोडून उटनूरला आले. मुलींच्या हॉस्टेलात मदतनीस म्हणून नेमणूक मिळाली आहे. सत्तावीस मुली, दोन मोठ्या खोल्या, पुढं लांब ओसरी, मागं सागाची झाडं. शुभांगी मॅडम सगळं बघतात. स्वयंपाकाला राहीबाई आहे, साठीची, तोंडानं फटकळ. नाव विचारून म्हणाली, पंचफुला काय, बरं झालं माय, इथं फुलं पाच अन् कामं पन्नास. मुली हसल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या मला पंचफुलाक्का म्हणायला लागल्या. एवढ्या वेळा नाव ऐकून मला मेजवानी झाल्यासारखं वाटलं.

५ नोव्हेंबर

थंडी कडक आहे. पहाटे बंब पेटवते, मुली रांगेत बादल्या घेऊन उभ्या राहतात. बोलतात तेव्हा प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघते. त्यांना त्याचीच मजा.

एक मुलगी वेगळी आहे. भाग्यश्री, अकरा वर्षांची. मार्चमध्ये तिची आई गेली. बाप कापसाच्या जिनिंगवर कामाला, म्हणून तिला इथं ठेवलं. अंथरूण ओलं करते, ताट ढकलून देते, दुसऱ्यांच्या चपला कौलांवर फेकते, चावते. काल एका मुलीच्या दंडाला चावली. मी विचारलं, काऊन चावली गं. तर म्हणाली, ती माझ्याकडं पाहून नव्हती राह्यली.

तिचं ओलं अंथरूण मी गुपचूप वाळत घातलं. त्या वासानं मला काही होत नाही.

७ नोव्हेंबर

मॅडमनी आज सगळ्यांना ओसरीत बसवलं. इथं मुलीच्या अंगाला हात लावत नाहीत, असं त्या अभिमानानं सांगतात, आणि ते खरं आहे. इथली शिक्षा म्हणजे अबोला. ओसरीच्या टोकाला एक चटई आहे. वाईट वागणारीनं तिथं बसायचं. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिच्याकडं बघायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही. ताट पुढं ठेवायचं आणि निघायचं. सुधारली की उठवायचं. मॅडम म्हणाल्या, ही पद्धत त्यांच्याही आधीपासूनची आहे आणि कधी फसली नाही.

मला ते माराहून बरं वाटलं. खरं ते लिहिते.

आज भाग्यश्रीला तिथं बसवलं. दुपारी ताट ठेवताना तिनं माझा पदर धरला. मी सोडवून घेतला आणि वळून पाहिलं नाही.

९ नोव्हेंबर

चटईवर दोघी आहेत. दुसरी कोण ते मला कुणी सांगितलं नाही. निळा फ्रॉक, विटलेला, केस न विंचरलेले. गुडघे पोटाशी घेऊन बसते. मी तिलाही ताट ठेवलं. ते जसंच्या तसं परत आलं.

मॅडमनी विचारलं, एक ताट जास्तीचं कशाला वाढता. मी म्हटलं, दोघी आहेत ना. त्या म्हणाल्या की चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

आज पहाटे गारठा फार होता. भाग्यश्री कुडकुडत होती, तिच्या तोंडातून वाफ येत होती. शेजारचीच्या तोंडातून येत नव्हती.

११ नोव्हेंबर

राहीबाईला खोदून विचारलं. पोळपाट बाजूला ठेवून ती आधी दार लावून आली. म्हणाली, तुला दिसून राह्यली? काऊन दिसून राह्यली तुला?

मग सांगितलं. तिच्या तरुणपणी इथं एक मुलगी होती, फार हट्टी. तिला अबोल्यावर बसवलं. पाचव्या दिवशी तिला ताप भरला. ती एकेकीच्या नावानं हाका मारत होती. राहीबाई इथंच पोळ्या लाटत होती. राहीबाईच्या नावानंही मारली. शिस्त होती, आमी वळलोच नाही, म्हणाली. सातव्या दिवशी आवाज थांबला, तर सगळ्यांना वाटलं की सुधारली.

मी नाव विचारलं. राहीबाईनं किती तरी वेळ आठवून पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. इतके दिवस नाव घ्यायचं नव्हतं, ते गेलंच, म्हणाली.

मला का दिसते ते मी तिला सांगितलं नाही. तीन वर्षं भिंतीकडं पाहून बोललेलं ऐकलं की चटईवरचं माणूस ओळखू येतं.

१४ नोव्हेंबर

मॅडम खूश आहेत. भाग्यश्री सुधारली म्हणतात. अंथरूण कोरडं. चावत नाही, काही फेकत नाही, ताट ढकलत नाही. ताटाला हातच लावत नाही. आणखी दोन दिवस ठेवू, मग उठवू, असं ठरलं.

मी सकाळी जवळून पाहिलं. निळ्या फ्रॉकवालीनं तिचा हात धरला होता. भाग्यश्रीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. वाफ अगदी बारीक, उदबत्तीच्या शेवटासारखी.

चावत होती तोवर ती कुणाला तरी हाक मारत होती. एवढं मला कळायला सात दिवस लागले. तिनं पदर धरला होता, आणि मी —

१५ नोव्हेंबर

केलं.

प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर चटईपाशी गेले आणि मोठ्यानं म्हटलं, भाग्यश्री. भाग्यश्री, बाई, मी पंचफुलाक्का. इकडं बघ. ती बघेना. मी तिचा खांदा हलवला. निळ्या फ्रॉकवालीनं तिचा हात सोडला नाही, तेव्हा मीही दुसरा हात धरला आणि नाव घेत राहिले. चाळीसेक वेळा घेतलं असेल.

मग ती माझ्या मनगटाला चावली. कडकडून, रक्त येईपर्यंत. आणि हंबरडा फोडला — आई गं.

मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, तुम्ही आठ दिवसांची मेहनत मातीत घातली. राहीबाई भाकरी थापत राहिली, पण रडत होती.

१७ नोव्हेंबर

कालपासून अबोला माझ्यावर आहे. मॅडमनी मुलींना तसं सांगितलं. मोठ्या माणसालाही शिस्त हवी, म्हणाल्या. मला हसू आलं. मला याची सवय आहे, असं वाटलं.

भाग्यश्री चटईवरून उठली आहे. ताटात वाढलेलं खाल्लं. अंथरूण ओलं केलं.

मुली बंबापाशी रांगेत उभ्या होत्या. परवापर्यंत अक्का अक्का करणाऱ्या. मी पाणी ओतत होते आणि त्या माझ्या हाताच्या पलीकडं बघत होत्या.

निळ्या फ्रॉकवाली आता चटईवर बसत नाही. मी जाते तिथं असते.

१८ नोव्हेंबर

राहीबाईला विचारलं, मीठ कुठं आहे. ती वळली नाही. मला वाटलं, मॅडमची भीती. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं मीठ घ्यायला हात लांबवला तो माझ्या —

नको ते लिहायला.

१९ नोव्हेंबर

भाग्यश्रीनं आज पुन्हा चप्पल फेकली. उद्यापासून तिला परत चटई. या वेळी पंधरा दिवस.

तिची मावशी शकुबाई आदिलाबादला असते. तिला फोन लावला. हॅलो हॅलो म्हणाली, कोन बोलून राह्यलं, आवाज नाही येऊन राह्यला. मी ओरडले. तिनं ठेवला. मग भाग्यश्रीच्या हाती फोन दिला. तिचं लगेच ऐकू गेलं.

फक्त भाग्यश्री मला ओ देते. अक्का, तुमी बारीक बोलता आता, म्हणाली.

२० नोव्हेंबर

आज काय केलं ते सरळ लिहिते.

सकाळी पाणी तापवलं. भाग्यश्रीची वेणी घातली, दोन कपडे पिशवीत भरले आणि फाटकातून बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. आदिलाबादची बस मिळाली. कंडक्टर बाई होती. या राज्यात बायकांना फुकट प्रवास आहे, म्हणून तिनं भाग्यश्रीचं आधार कार्ड पाहिलं आणि शून्याचं तिकीट दिलं. मी माझं आधार पुढं केलं. ती पुढच्या सीटकडं गेली. जाता जाता भाग्यश्रीला हिंदीत म्हणाली, एवढी लहान आणि एकटी कशी गं.

भाग्यश्री म्हणाली, अक्का आहे ना.

शकुबाई दारातच उभी होती. भाचीला कवटाळलं, पाठीवर धपाटा घातला, एकटी आली का गं भवाने, म्हणाली. भाग्यश्रीनं माझ्याकडं बोट दाखवलं. मावशीनं तिकडं पाहिलं. रस्ता पाहिला. मग तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं आणि आत नेलं. पोर तिथं नीट राहील. मावशीचा हात मी पाहिला, तो सोडणारा नाही.

दार लागलं. आतून अक्का, अक्का अशा हाका येत होत्या. प्रत्येक हाकेला मी ओ दिली. नंतर भांड्यांचे आवाज आले. हाका लांब लांब अंतरानं यायला लागल्या. आता बराच वेळ आली नाही. जेवायला बसली असेल.

पायरीवर बसून लिहिते आहे. ऊन आहे, पण अंगाला लागत नाही. निळ्या फ्रॉकवाली बाजूला येऊन बसली आहे, गुडघे पोटाशी घेऊन. इतक्या दिवसांत मीही तिच्याशी एक शब्द बोलले नाही. आता तिच्याकडं तोंड करून बसले आणि विचारलं, बाई, तुला घरी काय म्हणून हाक —