हैबत्याची हजेरी

काटेवाडी,
माघ वद्य पंचमी, शके १८५७

राजमान्य राजेश्री आबासाहेब यांचे सेवेशी,

काटेवाडीहून दत्तोबाचा नमस्कार पोहोचावा. आम्ही येथे सर्व ठीक आहोत. सर्वांत माझा डावा घोटा धरू नये, त्याचा खुलासा पुढे येईल. आपला खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा घेता, की नुसता करून ठेवता? द्वारकावहिनींचे गुडघे थंडीत फार बोलतात असे ऐकले. आपल्या भगिनी प्रयागबाई खुशाल आहेत. त्यांना वाचता येत नसल्यामुळे हे पत्र त्या शेजारी बसून माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत आहेत. (कंसातला मजकूर मी वाचून दाखवत नाही. तेवढी मोकळीक प्रत्येक नवऱ्याला असावी.)

आपले कार्ड परवा मिळाले. पाडव्याला गाडी घेऊन येतो, हैबत्याला तयार ठेवा, त्याला गुऱ्हाळावर साखळीला बांधायचा आहे, मास्तरांच्या हाताखाली त्याला शिस्त लागली असेलच, असा मजकूर वाचला. दसऱ्याला आपण सोने द्यायला आलात आणि जाताना कुत्रा ठेवून गेलात, तो उसाला कोल्हे लागतात म्हणून आणि पाडव्यापर्यंतच्या बोलीवर, हे मला मान्य आहे. कुत्रा आपला आहे यात वाद नाही. परंतु एवढ्या लांबून बैलांना शिणवण्याआधी आपल्याला खरी परिस्थिती कळावी, म्हणून हे पत्र. कुत्रा नेण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. त्याला नावाने हाक मारली की तो पळून जातो. येत नाही एवढेच नव्हे, उलट दिशेने जातो.

हे कसे झाले ते सविस्तर लिहितो. आपण जाताना म्हणाला होता की, काठी दाखवत चला, म्हणजे सरळ राहील. मला हे सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षे शाळा चालवून पेन्शनीत निघालो तो छडी सोबत घेऊनच. शिवाय शाळेतला एक अर्धा कोरा हजेरीपट घरी पडून होता. (तो सरकारी होता. हे कृपया चारचौघांत बोलू नये.) मी दुसऱ्याच दिवशी हैबत्याचे नाव त्यात घातले आणि रोज दिवे लागायच्या आधी अंगणात त्याची हजेरी सुरू केली. पद्धत अशी की, आधी नावाने खणखणीत हाक मारायची. तो आला की दिवसभराचे गुन्हे वाचायचे. सकाळी वहाण पळवली, दुपारी कोंबडी वेलीवर चढवली, असे जे असेल ते. मग गुन्ह्यागणिक एक छडी. शाळेत हीच पद्धत होती आणि तिच्यातून पुढे दोन तलाठी आणि एक पोस्टमास्तर निघाले.

कुत्र्याचे वर्तन मात्र पहिल्या आठवड्यापासून बिघडत गेले. मी गुन्हे वाचू लागलो की तो जांभई द्यायचा. भर वर्गात मास्तरांसमोर जांभई! मी एक छडी वाढवली. मग तो माझ्याकडे बघायचे सोडून तोंड भिंतीकडे फिरवू लागला. त्याबद्दल आणखी एक. मग जिभेने आपलेच नाक चाटू लागला, हे वेडावणेच असणार, म्हणून आणखी एक. पुढे पुढे तर हाक मारताच पाठीवर पडून चारी पाय वर करायचा. ते ढोंग मला पुष्कळ पोरांमुळे पाठ आहे. एकदा त्याने त्या अवस्थेत अंगणातच ओले केले, ते मी पटात ‘गैरवर्तन’ या सदराखाली नोंदवले. कार्तिक संपेपर्यंत पट गच्च भरला आणि हैबत्या हाकेसरशी गोठ्यामागे जाऊ लागला. शिस्त लावण्यात मी कसूर केली असे कोणी म्हणू नये.

मग आली चंपाषष्ठी. आपल्या माहेरच्या रिवाजाबाबत प्रयागबाई किती कडक आहेत हे मी आपल्याला काय सांगावे. चार महिने वांगे नाही, कांदा नाही, आणि त्या दिवशी सकाळपासून घरभर भरताचा वास. मी नऊ वाजल्यापासून आंघोळ करून बसलो होतो. तळी उचलून झाली, भंडारा उधळून झाला. आता कुत्र्याचा नैवेद्य. कुत्र्यापुढे पान ठेवायचे, त्याने तोंड लावायचे, मग घरातल्यांची पाने. मी ओसरीवर उभा राहून, सणाचा दिवस म्हणून नेहमीपेक्षाही मोठ्याने हाक मारली, “हैबत्या!”

हैबत्या उठला, कुंपणावरून गेला, पाण्याच्या पाटाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि तिथून जांभई दिली.

मी म्हटले, गावात दुसरी कुत्री काही थोडी नाहीत. तशी तीनचार दारात येऊन बसलीही होती, भरताच्या वासापुढे त्यांना नावाची गरज नव्हती. पण प्रयागबाई म्हणाल्या, “आपल्या दारचं जित्राब उपाशी ठिवून गावची कुत्री जेवू घालायची व्हय? देव बघतोय. आना त्याला.” (त्यांनी आणखीही बरेच सांगितले. ते आपल्या घराण्याला शोभण्यासारखेच होते.) तेव्हा मी सोवळ्यानेच निघालो. हाक मारत पुढे जावे तसा तो पुढे जायचा. मी थांबलो की तो थांबायचा. अशी आमची वरात माझा ऊस, मग शेजारचा ऊस, मग वांग्यांचे वाफे, अशी चालली आणि मला त्या वांग्यांकडे बघवेना. शेवटी पाटाच्या भरावावर माझा पाय निसटला, घोटा मुरगळला आणि मी कमरेइतक्या पाण्यात बसलो. ऊन डोक्यावरून उतरले होते आणि घरी कोणी जेवलेले नव्हते.

शेजारच्या रानात त्या आठवड्यात खतासाठी मेंढरे बसवली होती. त्यांच्याबरोबरची सारजा नावाची धनगरीण भरावावर उभी राहून हे सगळे बघत होती. तिचे वय प्रयागबाईंपेक्षा जास्त आणि तोंडही. तिने हात देऊन मला वर काढले आणि म्हणाली, “मास्तर, आता खाली बसा.”

मी म्हणालो की कुत्रा पळतो आहे.

“तुमी उबं हायसा म्हनून पळतोय. बसा. त्याच्याकडं बगू नगा, पाठ करा. आन त्या नावाचा घोष बंद करा.”

घोटा दुखतच होता, म्हणून बसलो. ओल्या सोवळ्यात, कुत्र्याकडे पाठ करून, एका धनगरणीच्या सांगण्यावरून, गप्प. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कधी पाठ करून वर्ग घेतला नव्हता. बाईने आपल्या कमरेच्या फडक्यातली भाकरी काढली, एक तुकडा माझ्या मागे हातभर अंतरावर ठेवला आणि स्वतःही लांब जाऊन तिरकी बसली. फार वेळ गेला. आधी तुकडा चावल्याचा आवाज आला. मग माझ्या पाठीला काहीतरी ऊन लागले. मी वळणार तोच बाई हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. आधी त्याला ठरवू द्या.” तेव्हा त्याने आपले अंग माझ्या पाठीला टेकवले, आणि आबासाहेब, तो थरथरत होता. हे मी तोपर्यंत कधी पाहिलेच नव्हते, कारण छडी पुरेल एवढ्या अंतरावरून ते दिसत नाही.

चालता येईना म्हणून प्रयागबाई पानच घेऊन पाटावर आल्या. हैबत्याने तिथे तोंड लावले आणि आम्ही भरीत-रोडगा तिथेच खाल्ला, सारजाबाईसुद्धा. जेवताना मी तिला जांभईची तक्रार सांगितली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. “जांभई? ती झोपंची न्हाय वो. भ्याला की देतोय. तोंड फिरवतो म्हंजी भांडान नगं म्हनतोय. पोट दावलं म्हंजी पाया पडला तुमच्या. आन तुमी पाया पडल्यालाच हानता!” मग ती म्हणाली, “सकाळच्या वहानंचा मार सांजच्याला दिला तर त्येला काय कळनार? त्येला येवढंच कळलं, नाव घेतलं की मार बसतोय. म्या बी पळाले असते.” तिने कधी शाळा पाहिलेली नाही, नाहीतर मला तिच्या हाताखाली नेमले असते.

घरी आल्यावर मी हजेरीपट उघडला. सगळी पाने पुन्हा वाचली. जांभई, तोंड फिरवणे, नाक चाटणे, पाय वर करणे. दीड महिना तो रोज तिन्हीसांजेला मला तेच ते सांगत होता आणि मी ते स्वच्छ अक्षरात लिहून घेऊन त्याला मारत होतो. मला फार वाईट वाटले. पट मी चुलीत घातला. (सरकारी असल्याने याचाही उल्लेख नको.)

त्यानंतर आठ दिवसांनी घोटा टेकता येऊ लागला, तेव्हा पाटावर आमचा जुना विद्यार्थी सोपान भेटला. आता पाटकरी आहे, मिशा आहेत, दोन मुले आहेत. मी मायेने “सोपान!” म्हणून हाक मारली, तर त्याने आधी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मग नमस्कार केला. पूर्वी मला यात आदर दिसायचा. त्या दिवशी मी त्याच्याशी पाण्याच्या पाळीविषयी बोलायचे ठरवले होते, ते न बोलताच परत आलो.

असो. तात्पर्य हे की कुत्रा बिघडला आहे. छडी आता विहिरीजवळच्या दोडक्याच्या वेलाला लावली आहे, त्यामुळे त्याला धाक असा उरलेला नाही. वहाण पळवली तर मी दुसरी वहाण उंच ठेवतो. काम सांगायचे तर जवळ बसून सांगावे लागते, आणि ऐकले की लगेच शाबासकी द्यावी लागते, उद्यावर ठेवून चालत नाही. असला लाडावलेला कुत्रा आपल्या गुऱ्हाळावर, त्या गर्दीत, साखळीला काय कामाचा? आपण एखादा चांगला करड्या स्वभावाचा कुत्रा पाहावा. इंदापूरच्या बाजारात तसली माणसे पुष्कळ आहेत, तसली कुत्रीही असतील.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. काढा घ्यावा.

आपला,
दत्तोबा

ता. क. प्रयागबाईंनी पत्र ऐकले आणि म्हणाल्या, “कुत्र्याची येवढी नालस्ती कशाला? दादाला खरं ल्ह्या.” तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून लिहितो की पौषापासून उसाच्या एकाही कांड्याला कोल्ह्याचा दात लागलेला नाही. हैबत्या सांजेला बांधावर जाऊन बसतो, त्याला कोणी सांगत नाही. सध्या तो माझ्या बाजेखाली आहे. शिवाय त्या म्हणतात की कंसातले काय आहे ते मला न वाचताही कळते.

ता. क. दुसरा. आता खरे लिहायला घेतलेच आहे तर सगळेच लिहितो. त्या चंपाषष्ठीपासून आम्ही त्याला नावाने हाक मारतच नव्हतो. नुसते “ये बाबा” म्हटले की येतो. ते नाव मी मुद्दाम तसेच बिघडलेले ठेवले होते. माझा बेत असा होता की पाडव्याला आपण यावे, आपल्या त्या भरदार आवाजात “हैबत्या” म्हणावे, त्याने पाटापलीकडे पळावे आणि आपण म्हणावे, मरू दे, नको हा कुत्रा. मला एक शब्दही खोटा बोलावा लागला नसता. बेत चांगला होता.

पण गेल्या पंधरवड्यात सारजाबाईची मेंढरे गावातली राने आटोपून पुढे निघाली. जाताना ती म्हणाली, “मास्तर, नाव बी दुरुस्त करा. एकांद्या दिशी रस्त्यात कुनी हाक मारंल, ह्यो बावचळंल, आन गाडीखाली जाईल.” ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी गुपचूप ते नाव दुरुस्त करायला घेतले. पहिल्या दिवशी नुसते पुटपुटलो आणि भाकरी दिली. तरीही कान पाडून गोठ्यामागे गेला. मी मागे गेलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज थोडे मोठ्याने, रोज बसून, रोज रिकामे हात दाखवून.

आज हे पत्र लिहून झाल्यावर मी बांधावर जाऊन बसलो आणि पहिल्यांदाच, पूर्वीसारखी, पूर्ण आवाजात हाक मारली. तो उभा राहिला. एक जांभई दिली. मग सावकाश आला आणि माझ्या दुखऱ्या घोट्यावर हनुवटी ठेवून बसला.

तेव्हा आता नाव दुरुस्त झाले आहे. आपण हाक मारलीत तरी तो येईल, शेपटी हलवत येईल, आणि आपण साखळी घालू लागलात तर मान पुढे करील. त्याला अडवण्याची माझ्याजवळ काही युक्ती उरली नाही, म्हणून मागतो. आबासाहेब, कुत्रा मला द्या.