चटणीचा दुसरा हात

तीर्थस्वरूप अक्कांना साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका, घरात सगळे जिवंत आहेत. (हे आधीच लिहिलं, कारण आमचं पत्र आलं की तुम्ही फोडण्याआधी खाली बसता, असं ही सांगते.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठड्याला धरता ना? धरत नसाल तर धरत जा. कठडा हलत असेल तर मात्र धरू नका. माझं बरं चाललंय, म्हणजे डाव्या कानात शिट्टी वाजते, पण ती मला एकट्यालाच ऐकू येते, तेव्हा कोणाला त्रास नाही.

तर, तुमच्या धाकट्या बहिणीला मध्यंतरी ताप आला होता. कळवलं नाही, कारण गेल्या वर्षी मी तुमच्या झोपायच्या खोलीला रंग दिला तेव्हापासून आपलं येणंजाणं बंद आहे, आणि ते आधी कोणी सुरू करायचं हे ठरलेलं नाही. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. ताट पुढे आलं की ही भिंतीकडे तोंड करते. डॉक्टर म्हणाले, काहीही द्या, पण पोटात गेलं पाहिजे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या तेव्हा माझा धीर सुटला. खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, "अक्काची कैरी-पुदिन्याची चटणी असती तर दोन घास गेले असते."

मी म्हटलं, एवढंच ना? त्याला अक्का कशाला हव्यात? (ह्यावर तिने कूस बदलली. तिची पाठ दुखत असेल असं मला वाटलं.)

चटणीत काय काय पडतं ते माहीत होतं. किती पडतं ते माहीत नव्हतं, पण रंग पक्का माहीत होता. का नसावा? तुमच्या खोलीला मी तोच दिला होता, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने. (तुम्हाला आवडेल म्हणून. तुम्ही उंबऱ्यातूनच म्हणालात, "ही खोली आहे की बरणी?" असो.) माझी शाळा चौथीत सुटली, पण जन्मभर रंगाऱ्याचं काम केलं, एकदा पाहिलेली छटा विसरत नाही. म्हटलं, छटा जुळली की चटणी जुळली.

भाजीवालीकडून एक कैरी आणि पुदिना-कोथिंबिरीची एकेक जुडी आणली. मिक्सरमधून काढलं तर रंग फिकट. कोथिंबीर वाढवली, तर गडद. गडद झालं म्हणून कैरी, कैरीने पिवळसर म्हणून पुदिना. अक्का, आमच्या धंद्यात हे दुखणं जुनं आहे. रंगात घालता येतं, काढता येत नाही. वाटीतलं पातेल्यात गेलं, पातेल्यातलं बादलीत. (बादली नवी होती. रंगाची नव्हती. हे मी शपथेवर सांगतो.) भाजीवालीकडे दिवसभरात इतक्या फेऱ्या झाल्या की शेवटी तिने विचारलं, "आजोबा, घरी कार्य आहे का?" मी म्हटलं, नाही, छटा बसत नाहीये. तिने सुटे पैसे माझ्या हातात न देता लांबूनच फळीवर ठेवले.

शिवाय ओला रंग आणि वाळलेला रंग ह्यांत फरक पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून दर वेळी खिडकीजवळच्या भिंतीवर बोटभर चटणी लावून वाळू देत होतो. वाळली की तपकिरी झाक. पुन्हा कोथिंबीर. मिक्सरला जळका वास येऊ लागला, मी बटण बंद करून खिडक्या उघडल्या, मग हिला वारा लागेल म्हणून लावल्या, मग वासाने जीव गुदमरेल म्हणून उघडल्या. आतून हिने विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, दुसरा हात मारतोय.

ह्यावर ही उठली. स्वतःहून, अक्का, भिंतीला धरून, आजारपणानंतर पहिल्यांदा. स्वयंपाकघरात आली. भिंतीवरचे डाग पाहिले, बादली पाहिली, मला पाहिलं आणि स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग बादलीत बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "अहो, मीठ?"

मीठ नव्हतं. मिरची नव्हती, गूळही नव्हता. गुळाने रंग बिघडतो, आणि मिठाला रंगच नाही, तेव्हा त्याची आठवण कशाने व्हावी? तुम्ही विचाराल, चाखून पाहिलं नाही का? अक्का, रंगारी चाखत नाही.

हिने वाटीभर चटणी काढून तिच्यात जे पडायचं ते घातलं आणि तिच्याबरोबर भाताचे दोन घास खाल्ले. तेव्हा काळजीचं कारण राहिलेलं नाही. तुम्ही यायची तसदी घेऊ नये, हे कळवण्यासाठीच हे पत्र.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. तिसरा घास घेतला नाही. "चटणी चांगली आहे, पण अक्काची नाही," म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली.

ता. क. मला सगळंच उशिरा कळतं. चटणीचं नुसतं नाव होतं, हिला तुम्ही हव्या होतात. तेव्हा तसदी घ्यावी. पत्र मिळताच निघा. तुम्ही शेजारी बसलात की ही जेवेल. तुमच्या खोलीला मी तुम्ही म्हणाल तो रंग देतो, अगदी पांढरासुद्धा.

ता. क. भिंतीवरचे डाग पुसलेले नाहीत. तुमच्या चटणीचा कोणता, ते येऊन दाखवा. माझ्या मते खिडकीपासून तिसरा, आणि तुमची खोली हुबेहूब तशीच आहे, पण मी काही बोलणार नाही.