तुमच्या नावाची रुंदी

मुरुम, मंगळवार

आदरणीय अमरनाथमामांना शिवांजलीचा नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? इकडं सगळे बरे आहेत. मीही, काल सकाळी नव्हते.

आधी बातमी : तुमच्या शिवकांताच्या लग्नपत्रिकेवरची तारीख आता बरोबर आहे. ती चुकली होती हे तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. शरणबसप्पाकाकांच्या छापखान्यासाठी पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम मी लिहिलाय. त्यांची एक अट होती : शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला आपलं नाव खिडकीच्या वरच्या पट्टीत, म्हणजे टूलबारमध्ये, मानानं दिसलं पाहिजे. (गिऱ्हाईक खूश असलं की चुका काढत नाही, असा त्यांचा अनुभव.) मी ते नाव नव्या पद्धतीनं बसवलं. या पद्धतीत काय दिसायला हवं एवढंच लिहायचं; मांडणी संगणक बघतो. पट्टी मात्र जुन्या घडणीची. ती आत येणाऱ्याला विचारते, जागा किती लागते? नाव सांगतं, माझ्याएवढी. चाचणीला मी ‘सिदू’ हे नाव घेतलं होतं. (ही चूक माझी.)

काकांनी तुमचं नाव तुम्ही पाठवलं तसंच टाकलं : माजी उपसरपंच, विद्यमान व्हाईस चेअरमन, आणि मागाहून आठवलं म्हणून फोनवर कळवलेलं ‘सल्लागार, भजनी मंडळ’. नावानं अख्खी पट्टी मागितली, पट्टीनं दिली. जे मावत नाही ते ती टोकाच्या दोन बाणांमागं गुपचूप ढकलते. तिथं गेला तारखेचा चौकोन. तारीख बदलायची राहिली की तो लाल होतो. झालाही असेल, बाणांमागं. पत्रिकेवर माझ्या नमुन्यातली तारीख तशीच छापली गेली.

घड्या घालायला पार्वतम्माकाकू बसल्या होत्या. त्या पत्रिका वाचतात, तेही जेवण कुठं आहे ते बघायला. काल भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाल्या, “अवं, अमावास्येला कोण लगीन लावतंय?”

काका म्हणाले, तारीख यंत्रानं टाकली.

“यंत्राला पंचांग कळत न्हाय. तुमाला कळतंय की.”

मशीन बंद झालं. काका माझ्याकडं बघत होते, मी बाणांकडं. दुपारपर्यंत मी नावाच्या रुंदीला मर्यादा घातली आणि तारखेला पट्टीत पहिला मान दिला. आता कितीही मोठा माणूस आला तरी ती हलणार नाही. नव्या पत्रिका छापून झाल्या, काकूंनी दोनदा वाचल्या. चुकीची एकही पत्रिका कुणा पाहुण्याच्या हातात पडलेली नाही. मग मी जेवले, आणि चव लागली.

तुमची भाची,
शिवांजली

ता. क. छापखान्यातल्या पट्टीत तुम्ही आता उपसरपंचापर्यंतच दिसता, पुढं तीन टिंबं. पत्रिकेवर सगळी पदं आहेत. मोजली.

ता. क. २ : वरचं सगळं खरं आहे, पूर्ण नाही. काकू बोलल्या त्याआधी पन्नास पत्रिका एसटीनं तुमच्याकडं येरमाळ्याला निघाल्या होत्या. गठ्ठा स्टँडसमोर बलभीमच्या हॉटेलात आहे. तो मामींच्या आधी तुम्ही उचला आणि या पत्रासोबतचा नवा घरी न्या. (फोन केला असता, पण तुमचा फोन मामी उचलतात.)

ता. क. ३ : आई आत्ताच म्हणाली की पहिली पत्रिका मामी येडेश्वरीपुढं ठेवणार आहेत. वर मी ‘पाहुण्याच्या’ असं लिहिलंय. देवीचं मला खात्रीनं सांगता येत नाही. ठेवून झाली असेल तर तेवढी बदलून या. पुजाऱ्यांनी विचारलं तर माझं नाव सांगा. मामींनी विचारलं तर काकांचं.